झाकण उघडायचं नाही

रंगाईचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, पण त्याचा भोंगा अजून चालू आहे. तो दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या घरात राहतो. सकाळी दूधवाल्यावर वाजतो, दुपारी खालच्या गॅरेजवाल्यावर, आणि संध्याकाळी जो सापडेल त्याच्यावर. कारखान्यात असताना पाळी सुटल्याचा भोंगा वाजवायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून हे नाव पडलं असं जुने लोक सांगतात. नव्या लोकांना ते सांगावं लागत नाही.

त्याचं खरं काम बॉयलर सांभाळायचं. बॉयलरला दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक दाबाचा काटा, दुसरी पाण्याची काच. काचेतलं पाणी खुणेच्या खाली गेलं की बॉयलर कोरडा तापतो, कोरडा तापला की फुटतो, आणि मग बॉयलरवाल्याचं नाव वर्तमानपत्रात येतं, तेही वयासकट. भोंग्याने उभी हयात त्या काचेकडे बघण्यात घालवली. डबा खाताना बघायचा, भांडताना बघायचा. रजेच्या दिवशी घरी बघायला काही नसलं की हंड्यात डोकावायचा. स्वतःच्या लग्नात त्याने आचाऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण काढून पाहिलं होतं. आचारी झारा घेऊन अंगावर धावला. फोटोत नवरदेवाच्या कोटावर जो डाग आहे, तो त्या झाऱ्याचा.

बायको होती तोवर त्याला स्वयंपाकघरात पाय टाकायची बंदी होती. "तुमचा कारखाना बाहेर ठेवून या," ती म्हणायची, आणि कारखाना तर बाहेर ठेवता येत नसल्यामुळे तो दारातच उभा राहायचा. ती गेली आणि त्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. घेतलं म्हणजे अगदी गड जिंकावा तसं घेतलं. डबे पुन्हा लावले, चमच्यांना खिळे ठोकले, कढया आकाराने टांगल्या. जे काय शिजवायचं ते प्रेशर कुकरमध्ये, शिट्ट्या मोजून. मऊ-कडक, तिखट-अळणी हा त्याचा प्रश्न नव्हता. दाब बरोबर पडला म्हणजे जेवण बरोबर झालं.

मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली. ती बस डेपोत कंट्रोलर. कुठली गाडी कधी सुटणार, कोण ड्रायव्हर कुठल्या गाडीवर, हे ठरवणार ती, आणि ज्याला ते पटत नाही त्याच्याशी काचेच्या खिडकीतून भांडणारही तीच. पाळीची नोकरी, त्यामुळे आधी तिला आनंदच झाला. तिला वाटलं, आयता स्वयंपाकी मिळाला. मिळाला होता फोरमन. ती कांदा चिरायला लागली की हा मागे उभा. "केवढाले तुकडे ते? घर बांधायचंय का?" तिने पातेलं खाली ठेवलं की हा तेच पातेलं उचलून दोन बोटं डावीकडे ठेवणार. ती काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "बाबा, माझ्या डेपोत असा माणूस असता ना, त्याला मी लांबच्या फेरीवर पाठवला असता." मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. घरात काही पेटलं की तो खिशातून फडकं काढून स्वतःचा चष्मा पुसायला घ्यायचा. त्या चष्म्याइतका स्वच्छ चष्मा गावात कुणाचा नसेल.

असं धुमसत धुमसत चाललं होतं. मग एका दुपारी भोंग्याने कुकरमध्ये राजमा लावला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. सून कामावरून आली तेव्हा जिन्यातच जळका वास. घरात धूर, छताला काळा डाग, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडून फळीवर पडलेला, आत राजम्याचा कोळसा. आणि भोंगा खोकत खोकत पंख्याखाली पुठ्ठा हलवतोय.

"बाबा, कुकरमधलं पाणी संपलं होतं."

"रिंग सैल होती."

"रिंग सैल होती की तुमचा डोळा लागला होता?"

त्या घरात तोवर टाकून बोलणं पुष्कळ झालं होतं, पण इतकी घाण शिवी कुणी कुणाला दिली नव्हती. बॉयलरवाल्याला सांगायचं की तुझ्यादेखत पाणी संपलं आणि तू झोपला होतास! तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने रिंग काढून तिच्या नाकासमोर धरली. ती काळी ठिक्कर पडली होती, त्यामुळे सैल होती की घट्ट, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. डोळा लागला होता. ते त्याला माहीत होतं, तिलाही, आणि खालच्या गॅरेजवाल्यालाही, कारण घोरणं खालपर्यंत ऐकू जायचं.

सुनेने वाद घातला नाही. शेगडीची दोन्ही बटणं उपटली आणि पर्समध्ये टाकली. "आम्ही घरी नसताना गॅस पेटवायचा नाही," ती म्हणाली.

"आणि चहा?"

"थर्मासात करून ठेवीन."

"थर्मासातला चहा मी पिऊ? मी काय पेशंट आहे?"

दुसऱ्या दिवशी त्याने पकडीने खुंटी पिळून गॅस पेटवला आणि ऐटीत चहा केला. तिसऱ्या दिवशी पकडही पर्समध्ये गेली. त्यानंतर दुपारी तो बिनबटणांच्या शेगडीसमोर उभा राहायचा. ते दोन उघडे खुंट बघितले की त्याला स्वतःचेच दोन दात पडल्यासारखं वाटायचं.

महिनाअखेरीला सुनेने स्लो कुकर आणला. जाडजूड चिनी मातीचं भांडं, बाहेरून पत्र्याचं अंग, समोर एक बटण, वर काचेचं झाकण. विजेवर चालणारा. ज्योत नाही, धूर नाही, सकाळी भरून ठेवायचा आणि संध्याकाळी जेवायचं. भोंग्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"शिट्टी कुठंय?"

"नाही."

"काटा?"

"नाही."

"मग शिजलं हे कळणार कसं?"

"संध्याकाळ झाली की कळेल."

"म्हणजे काही करायचंच नाही? नुसता बसून राहतो दिवसभर?"

"हो," सून म्हणाली. "काही लोक बसतात तसा."

भोंग्याने त्या भांड्याचं नाव ढिम्म ठेवलं.

पहिल्या दिवशी सुनेने ढिम्मात भिजवलेला राजमा, चवळी, जव, गाजराचे तुकडे, कांदा, टोमॅटो आणि पाणी घातलं, बटण मंदवर फिरवलं आणि डेपोत गेली. दार बंद झालं तसा भोंगा उठला. झाकण उचलून आत पाहिलं. पाणी नुसतं कोमट. झाकण ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा उचललं. काचेवर वाफ धरली होती, आतलं काही दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही ते बघायचं हाच तर त्याचा धंदा. दिवसभर हेच चाललं. गच्चीवरून आला की झाकण, तोंड धुतलं की झाकण. दर खेपेला कोंडलेली सगळी ऊब भसकन बाहेर जायची आणि ढिम्माला पुन्हा पहिल्यापासून तापायला लागायचं. संध्याकाळी राजमा दाताखाली खटखट वाजला. भोंग्याने एक दाणा ताटात टाकून आवाज ऐकवला. "छर्रे आहेत. बंदुकीत भरा." सुनेने जेवण टाकून दिलं. मुलाने मात्र दोन्ही बाजू राखायच्या म्हणून वाटीभर खाल्लं, आणि दुसरा अख्खा दिवस दुकानात कमी, संडासात जास्त काढला.

मग पंचनामा झाला. भांड्यासोबत आलेली पुस्तिका सुनेने आणल्या दिवशी उघडली नव्हती, ती आता उघडली. राजमा आधी शेगडीवर चांगला खळखळून उकळून घ्यायचा, ते पाणी फेकायचं, आणि मगच या भांड्यात घालायचा, नाहीतर पोट धरून बसायची वेळ येते, असं पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होतं. त्याच्याच खाली होतं: झाकण उघडू नये. पहिलं वाक्य भोंग्याने घरभर वाचून दाखवलं, दुसरं सुनेने. आपापलं वाक्य कुणी वाचलं नाही.

"ऐका बाबा," शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज आता खिडकीतून ड्रायव्हरशी बोलतानाचा होता. "उद्या मी राजमा उकळून टाकते. माझं काम मी करते. तुमचं काम एकच. झाकण उघडायचं नाही. तुम्ही नाही, दुसऱ्या कुणी नाही. मी आल्यावर दाणा बोटाने चिरडला, तर बटणं तुमची. पुन्हा मागणार नाही. नाही चिरडला, तर बटणं डेपोच्या लॉकरमध्ये. कायमची."

"आणि माझा कुकर?"

"हे शिजलं तर त्याची गरजच काय? माळ्यावर."

भोंगा रात्रभर कूस बदलत राहिला. राजमा शिजला, तर चहापुरता गॅस मिळणार, पण स्वयंपाकघर जाणार. नाही शिजला, तर दोन्ही जाणार. म्हणजे आपल्याच हाताने, किंवा हात बांधून, स्वतःला खाली उतरवायचं. बरं, वरून त्या ढिम्माची राखण करायची. सुनेने डाव असा टाकला होता की डेपोतल्या अख्ख्या युनियनने टोप्या काढाव्यात.

सकाळी सुनेने राजमा खळखळ उकळला, पाणी ओतलं, सगळं ढिम्मात भरलं, झाकण बसवलं, बटणं काढून पर्समध्ये टाकली. जाता जाता म्हणाली, "आई येतेय आज. चष्म्याचा नंबर बदललाय तिचा, चार दिवस राहील. तिच्याशी नीट वागा."

"मी कधी वाईट वागतो?"

यावर मुलाने चष्मा पुसला आणि दोघं निघून गेली.

भोंगा स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसला. काचेच्या झाकणाखाली आधी काहीच नव्हतं, मग धुकं आलं, मग थेंब. एक थेंब जड होऊन घसरायचा आणि त्याच्या वाटेतून आतलं गाजर क्षणभर दिसायचं, की लगेच वाट बुजायची. त्याचा उजवा हात आपणहून उठायचा. त्याने तो मांडीखाली दाबून धरला. मग तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला, पण तिथून भांडं दिसत नव्हतं म्हणून परत आला. जिन्यात जाऊन गॅरेजवाल्याशी हॉर्नवरून भांडला, पण भांडणात रंग भरेना. गॅरेजवाल्याने काळजीने विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?"

दुपारी विहीणबाई आल्या. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात बटाट्यांची. या बाईंनी आयुष्यभर पाळणाघर चालवलं होतं. त्यामुळे समोरचा माणूस कितीही मोठा असो, त्याचं नाक पुसायचं राहिलंय अशाच नजरेने त्या बघायच्या.

"काय व्याहीबुवा, जेवलात का नाही शहाण्यासारखं?"

"जेवलो."

"सगळं संपवलं?"

"ताट चाटून दाखवू?"

"रागवायचं नाही असं," विहीणबाई म्हणाल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरल्या. ढिम्मासमोर उभ्या राहिल्या, नाक जवळ नेलं. "हेच का ते भांडं? फोनवर सांगत होती. अगं बाई, याला तर उकळीसुद्धा नाही. काही खरं नाही याचं. थांबा, जरा ढवळते, गार पाणी घालते आणि माझे बटाटे टाकते. बटाट्याशिवाय अंग येत नाही कशाला."

भोंगा स्टुलावर होता. एका क्षणात त्याला सगळा रस्ता लख्ख दिसला. बाई झाकण उघडणार. गार पाणी ओतणार, कच्चे बटाटे टाकणार, आणि ढवळता ढवळता जावयाच्या पगारापासून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत सगळं बोलणार, झाकण बाजूला ठेवून. संध्याकाळी दाणा चिरडणार नाही. सून विचारेल, झाकण कुणी उघडलं? तो म्हणेल, तुझ्या आईने. खोटं एक अक्षर बोलायला नको. ढिम्म बदनाम, विहीण बदनाम, सुनेला दातखीळ, आणि आपण निर्दोष. बटणंही मागून घेता येतील, कुकरही खालीच राहील. देवाने पाठवावी तशी बाई पाठवली होती. त्याने फक्त एवढंच करायचं होतं की तोंड बंद ठेवून बसायचं. दिवसभर तेच तर करत होता.

विहीणबाईंनी झाकणाच्या मुठीला बोटं लावली.

"हात मागे!"

तो भोंगा असा वाजला की खाली गॅरेजमध्ये कुणाचा तरी पाना पडला. आपण ओरडलो हे खुद्द त्याला नंतर कळलं. तोवर तो स्टुलावरून उठून भांडं आणि बाई यांच्या मध्ये उभा होता, हात आडवे पसरून, जसा बॉयलरच्या खोलीत घुसणाऱ्या साहेबलोकांपुढे उभा राहायचा तसा.

"बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही! ड्युटीवर कोण आहे? मी आहे!"

बटाट्यांची पिशवी खाली पडली. बटाटे सुटले आणि चारी दिशांना पळाले.

"बाहेरची?" विहीणबाईंनी पदर खोचला. "मी बाहेरची? अहो, माझ्या लेकीचं घर आहे हे!"

"घर तिचं, भांडं तिचं, हुकूमही तिचाच. जा, त्या खोलीत बसा."

"पाळणाघरात चावरी मुलं असायची माझ्याकडे, पण तीसुद्धा दुपारी झोपायची हो!"

झोपेचा विषय निघाल्यावर भोंग्याच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. पुढचा अर्धा तास काय काय बोललं गेलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्याने त्यांच्या बटाट्यांची जात काढली, त्यांनी त्याच्या कारखान्याची. तो बुडाला तो असल्याच माणसांमुळे, असं त्या म्हणाल्या. लग्नात कुणी कुणाला कुठल्या रांगेत बसवलं होतं तेही निघालं. शेवटी विहीणबाईंनी बाहेरच्या खोलीतून लेकीला फोन लावला आणि रडत सांगितलं, "तुझ्या सासऱ्याने मला हाकललं गं."

पलीकडे गाड्यांचा गोंगाट होता. लेक म्हणाली, "आई, तू झाकण उघडलंस का?"

विहीणबाईंनी फोन बंद केला.

भोंगा स्टुलावर परत बसला. अंगातलं वारं उतरलं आणि मग त्याला कळलं, आपण काय घालवलं ते. चालून आलेला मोका, ताटात वाढलेला. बोलून गेलो. कुणासाठी? या ढिम्मासाठी! त्याने भांड्याकडे असं बघितलं की लाज असती तर ते तडकलं असतं. आता काही करता येण्यासारखं नव्हतं. झाकण उचलावं तर शब्द जातो, आणि बाहेर बसलेली साक्षीदार तर त्याचीच वाट बघत होती. तो संध्याकाळपर्यंत तसाच बसला. वास मात्र आला. आधी कांद्याचा, मग जवाचा, जाडसर, पोटात उतरणारा. तो वास जसजसा चांगला होत गेला, तसतसं भोंग्याचं तोंड वाईट होत गेलं.

सून आली. चप्पल काढायच्या आधीच आईने तिला गाठलं. "एक तर मी राहीन नाहीतर हा माणूस. मी आत्ताच्या आत्ता निघते."

"आई, नवीन चष्मा परवा मिळणारय. जुन्यात तुला गाडीचा नंबर दिसतो का? थांब जरा."

ती आत गेली. झाकण उचललं. वाफेचा लोट वर गेला. खाली सगळं एकजीव झालं होतं, जव फुलून आलेला, गाजर वितळायला आलेलं, राजमा तुकतुकीत आणि अखंड. तिने डावभर काढलं, एक दाणा ओट्यावर ठेवला आणि अंगठा टेकवला. दाणा लोण्यासारखा बसला. तिने दुसरा घेतला. तोही.

"उघडलं नाहीत?"

"नाही."

"हिला उघडू दिलं नाहीत?"

"बटाटे शेगडीखाली आहेत. शोधायला सांग तिला, नवीन चष्मा आला की."

"बघ, बघ कसा बोलतो ते!" विहीणबाई दारातून म्हणाल्या.

"आई, मीच सांगितलं होतं त्यांना. कुणाला हात लावू द्यायचा नाही म्हणून." हे बोलताना सुनेचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं. सासऱ्याची बाजू घ्यायची सवय नव्हती.

जेवायला चौघं बसली. भोंग्याने पहिला घास घेतला. मऊ होतं. चव आत शिरलेली होती, दाण्याच्या गाभ्यापर्यंत. त्याच्या कुकरमध्ये असं कधी झालं नव्हतं, तिथे दाणा एकीकडे आणि चव एकीकडे असायची. हे त्याला कळलं, आणि कळलंय हे कुणाला कळू नये म्हणून तो म्हणाला, "आंबोण झालंय. गुरांना घालतात तसलं."

मुलाने तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. दिवसभर काचा घासून आलेला, भुकेला, बेसावध. "छान झालंय," तो म्हणाला. "रोज हेच केलं तरी चालेल."

आपण काय बोललो हे मुलाच्या लक्षात आलं आणि त्याचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला.

"रोजच होणारय," सून म्हणाली. "उद्या रविवार आहे. कुकर आणि त्या कढया माळ्यावर टाक."

भोंगा काही बोलला नाही. त्या गल्लीत ही बातमी होऊ शकली असती. त्याने ताट संपवलं, खरोखरच पुसून संपवलं, आणि हात पुढे केला. सुनेने पर्समधून दोन्ही बटणं काढून त्याच्या तळहातावर ठेवली. पकडही ठेवली.

तो उठला. आधी एक बटण बसवलं, मग दुसरं. पातेल्यात एका कपाचं पाणी घेतलं, साखर, पत्ती, दूध टाकलं आणि गॅस पेटवला, मोठा, पातेल्याच्या कडा चाटणारा.

"मला बिनसाखरेचा," विहीणबाई सवयीने बोलून गेल्या आणि बोलल्याचा त्यांना लगेच पश्चात्ताप झाला.

भोंग्याला ऐकू आलं नाही. तशी त्याच्या कानांची काही तक्रार नव्हती.

"बाबा, गॅस बारीक करा," सून म्हणाली.

"बटणं कुणाची?"

त्याने ज्योत होती तशीच ठेवली, पातेल्याकडे पाठ केली आणि सुनेच्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहिला. मागे चहा चढत चढत काठाशी आला, फुगला आणि शेगडीभर उतू गेला. भोंगा हलला नाही.